बैलाचे दात मोजता, गाडीचा सायलेन्सर कोण बघणार?

बेल्ह्याच्या बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाजवळ आले की आधी काय करते? जबडा उघडून दात बघते. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, ते जागेवरच कळते. मग वशिंडावर हात, खांद्याची गाठ, खुरे, डोळे. चार पावले चालवून बघणे. शेवटी धन्याकडे रोखून बघत विचारायचे, "मारका नाही ना? बशा तर नाही?" एवढे सगळे झाल्यावर मग रुमालाखाली बोटे जातात आणि सौदा ठरतो.

तोच शेतकरी जुनी पिकअप घ्यायला जातो तेव्हा काय बघतो? रंग बघतो, टायर बघतो, हौदा कुठे गंजलाय का ते बघतो. गावाबाहेर एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "आवाज बरा आहे, अॅव्हरेज किती देते?" झाले! इसार हातावर ठेवला जातो. बैलापेक्षा कितीतरी पट किमतीची वस्तू, पण गाडीखाली वाकून बघायला कोणी तयार नाही. आणि खोड नेमकी तिथेच असते.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात टोमॅटोच्या हंगामात जे घडले, ते म्हणून मुद्दाम सांगतो. नावे देत नाही. विकणाऱ्याला आपण अण्णा म्हणू, घेणाऱ्याला भाऊ. दोघेही कष्टकरी, दोघांची शेते एकाच चारीवर.

काय घडले?

अण्णांची पिकअप बीएस-सहा, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची. गाडी घेतल्यावर दीड-दोन वर्षांत तिच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागू लागला. गाडी ओढेना. अण्णांनी ती ओळखीच्या गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, "अण्णा, हा फिल्टरचा त्रास आहे. काढून टाकतो, पुन्हा दिवा लागायचा नाही. कॉम्प्युटरमध्येपण सेटिंग करून देतो." अण्णांनी मान डोलावली. डबा कापला, आतली गाळणी काढली, डबा परत वेल्डिंग करून बसवला. दिवा विझला. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली. अण्णा खूश.

पुढे त्यांना मोठी गाडी घ्यायची होती. जुनी देऊन नवी घ्यावी म्हणून ते शोरूमला गेले. तिथल्या माणसाने गाडी वर उचलली, बॅटरी लावून खालून बघितले आणि सांगितले, "फिल्टर रिकामा आहे. किंमत कमीच लागेल." अण्णांना ती किंमत परवडेना. ते गाडी घेऊन घरी आले आणि महिन्याभरात तीच गाडी भाऊंना विकली. फिल्टरबद्दल चकार शब्द काढला नाही.

भाऊ नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल नेत होते तोवर सगळे ठीक चालले. पण गाडीच्या पासिंगची तारीख आली आणि धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली. भाऊ तिला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथे वेल्डिंगची शिवण दिसली. नव्या फिल्टरचा जो आकडा सांगितला, तो भाऊंच्या टोमॅटोच्या हंगामभराच्या खता-औषधांच्या खर्चाएवढा होता. गाडी तीन आठवडे उभी राहिली. ऐन तोड्याच्या दिवसांत भाड्याच्या टेम्पोने क्रेट बाजारात न्यावे लागले.

भाऊ अण्णांच्या दारात गेले. अण्णा म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." भाऊ म्हणाले, "मला काय ठाऊक, विचारायचं असतं ते!"

शेतकरी बंधूंनो, सगळा लेख या दोन वाक्यांत आहे.

काढतात ते काय, आणि का?

डिझेल जळाले की काजळी होते. बीएस-सहा गाडीत ती काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी बसवलेली असते. तिचे नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, बोलीत डीपीएफ. ही गाळणी भरली की गाडीच स्वतःहून ती आत जाळून साफ करते. त्यासाठी सुमारे साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस उष्णता लागते. हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीला हे सहज जमते. पण आपली गाडी काय करते? शेतातून घर, घरून संकलन केंद्र, तिथून पुन्हा शेत. दोन-तीन किलोमीटर गेली की बंद. गाळणी तापतच नाही, काजळी साचत जाते आणि दिवा लागतो. म्हणजे ते बहुतेक वेळा गाडीचे दुखणे नसते, आपल्या वापराचे असते.

यावर खरा उपाय साधा आहे. दिवा पहिल्यांदा लागला की गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती मोठ्या रस्त्यावर एका वेगात वीस-पंचवीस मिनिटे चालवायची. पुणे-नाशिक रस्त्यावर एक फेरी झाली की पुष्कळदा दिवा आपोआप जातो. नाही गेला तर सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून गाळणी साफ करून मिळते. तेलही पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच घालायचे. चुकीच्या तेलाची राख गाळणीत साचते, आणि ती राख जळत नाही.

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत डीपीएफऐवजी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींना ही जाळी बरेचसे निरुपद्रवी करते. मुंबईसह देशाच्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा भाग १९९५ साली सक्तीचा झाला. त्यासाठी शिशाविना पेट्रोल आणावे लागले, कारण शिशाने ही जाळी निकामी होते. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले.

या धातूंच्या किमतीमुळेच चोरांचाही डोळा या भागावर असतो. ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरणाऱ्या टोळ्या मुंबई-पुणे भागात पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी वाचल्या आहेत. जाळीच्या भुकटीला चोरबाजारात 'माती' म्हणतात. माती म्हणायची, आणि भाव मात्र सोन्याच्या जातीचा! चोरीनंतर मालक स्वस्तातला रिकामा सायलेन्सर बसवून मोकळा होतो, आणि ती गाडी तशीच पुढे विकली जाते.

तिसरा भाग ईजीआर. इंजिनातून निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडून आतली उष्णता कमी करायची, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. इथे मधे पत्र्याची चकती घालून वाट बंद केली जाते. चौथा भाग काही डिझेल गाड्यांत असतो तो निळ्या झाकणाच्या टाकीचा. त्या टाकीत डीईएफ नावाचे द्रावण घालतात. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी. हे ऐकले की शेतकऱ्याच्या डोक्यात लगेच येते, "युरिया तर आपल्या घरातच आहे!" तो प्रयोग कृपा करून करू नका. शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो. तो गाडीच्या टाकीत गेला की पुढचा महागडा भाग बाद. शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाचा भंग ठरतो.

बुलेटवाल्या तरुण मंडळींनाही एक सांगतो. कंपनीचा सायलेन्सर काढून फटाक्याच्या आवाजाचा बसवता, तेव्हा नुसता आवाज वाढत नाही. नव्या मोटारसायकलींत जाळी त्या मूळ सायलेन्सरच्याच नळीत असते, ती पण जाते. मूळ सायलेन्सर भंगारात दिलात, तर गाडी विकताना तो कुठून आणणार?

ट्रॅक्टरवालेही यातून सुटलेले नाहीत. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे आज जे पिकअपचे दुखणे आहे ते उद्या जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात येणार, हे धरून चालावे.

"पीयूसी आहे की!"

गाडी विकणारा छातीठोकपणे सांगतो, "पीयूसी आहे, काळजी नको." पीयूसी हवीच. पण ती म्हणजे सगळे आहे असे नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात. बीएस-चार आणि त्यानंतरच्या गाड्यांना ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५. नायट्रोजनचे ऑक्साइड या तपासणीत मोजलेच जात नाहीत. म्हणजे ईजीआर बंद केलेली किंवा डीईएफची व्यवस्था तोडलेली गाडीही पीयूसीत पास होऊ शकते. शिवाय बीएस-चार आणि पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते. दहा महिन्यांपूर्वी कागद काढला आणि आठ महिन्यांपूर्वी फिल्टर, तर कागद खरा आणि गाडी खोटी!

कायदा काय सांगतो?

गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विक्रेता व्यापारी म्हणजे डीलर असेल आणि तो नियमात न बसणारी गाडी विकत असेल, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड. आणि अशी गाडी रस्त्यावर चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला कलम १९० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स बाद.

नीट बघा, फिल्टर अण्णांनी काढला. पण पकडले गेले असते ते भाऊ, कारण गाडी ते चालवत होते. खोड एकाची, शिक्षा दुसऱ्याला.

आता उलट बाजूही बघू. "गाडी विकली, माझा संबंध संपला" असे विकणाऱ्याने समजू नये. टी.टी. फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, सह्या करून दिल्या म्हणजे गाडी नावावरून गेली असे होत नाही. त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांना विकलेली असो, नोंदीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावरच. तेव्हा फॉर्म कोरे ठेवून गाडी देणे म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपली सही केलेला कोरा चेक देण्यासारखे आहे.

घोड्याची गोष्ट

"मी खोटे बोललो नाही, फक्त बोललो नाही," असा अण्णांचा मुद्दा होता. हा वाद नवा नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा घ्या. त्याच्या कलम १७ मध्ये उदाहरणे दिली आहेत ती चक्क घोड्याची. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शोभतील अशी!

एकाने लिलावात दुसऱ्याला घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. दुसरे उदाहरण: घोडा विकत घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तर नात्यामुळेच दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण फार मोलाचे आहे. घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो." यावर विकणारा गप्प बसला, तर त्याचे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच धरले जाते.

म्हणजे काय, तर विचारा! बाजारातला जुना रिवाज आणि दीडशे वर्षांचा कायदा दोघेही हेच सांगतात. विचारल्यावर खोटे सांगितले किंवा गप्प बसले, तर घेणाऱ्याच्या हातात कायद्याचा आधार येतो. न विचारता घेतले तर "साधी चौकशी केली असती तरी कळले असते" हे ऐकून घ्यावे लागते.

पण इथेच अण्णांच्या बाजूची मेख आहे. त्याच कलमात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे ही लबाडी धरली आहे. अण्णांच्या गाडीत नुसता फिल्टर नव्हता असे नाही. तो नाही हे कळू नये म्हणून रिकामा डबा परत बसवला होता आणि कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून दिवा विझवला होता. प्रकरण गावच्या तंटामुक्त समितीपुढे आले तेव्हा एका म्हाताऱ्या पंचाने एका वाक्यात निकाल लावला. ते म्हणाले, "बैल मारका आहे हे न सांगणं वेगळं, आणि त्याला गुंगीचं औषध देऊन बाजारात उभा करणं वेगळं."

अण्णा खाली मान घालून बसले. नव्या फिल्टरच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्यांनी द्यायचा, बाकी भाऊंनी, असे ठरले.

घेणाऱ्याने काय बघावे?

१. गाडीचे इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात पांढरे फडके फिरवा. फिल्टर शाबूत असलेल्या बीएस-सहा डिझेल गाडीची नळी आतून बरीच स्वच्छ असते. फडके काळेकुट्ट झाले तर थांबा.

२. चावी फिरवा, पण गाडी सुरू करू नका. इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. मग गाडी सुरू केल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर तो कोणीतरी बंद केलेला असू शकतो.

३. गाडी पिटावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून बघा. नळीवर, डब्यावर वेल्डिंगची नवी शिवण आहे का? थंड डब्यावर हलके ठोकून बघा. आत खुळखुळ वाजले तर जाळी फुटलेली. शक्य असेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी ठेवून भाग जुळवा.

४. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून घ्या आणि "धूर नियंत्रणाचे सगळे भाग जागेवर आहेत का" असे स्पष्ट विचारा. तपासणीचे चार पैसे जातील. सौदा लाखांचा आहे हे विसरू नका. नुसत्या स्कॅनरवरही भरवसा ठेवू नका. कॉम्प्युटरमध्ये फेरफार केलेली गाडी त्याला चकवू शकते, म्हणून खालून बघणे हवेच.

५. पीयूसी जुनी चालवून घेऊ नका. सौद्याच्या दिवशी, तुमच्यासमोर, नवी काढायला सांगा.

६. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र आहे का ते विचारा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते घेण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे. व्यापाऱ्याने फसवले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पोटापाण्याच्या धंद्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली गाडीही त्यात बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून घेतलेल्या गाडीला मात्र ही सोय नाही. तिथे आपली इसार पावतीच कामाला येते.

७. इसार पावतीत पुढचे वाक्य लिहून घ्या: "सदर वाहनातील धूर नियंत्रणाचे सर्व मूळ भाग (फिल्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईजीआर, डीईएफ यंत्रणा, जे लागू असतील ते) जागेवर व चालू स्थितीत आहेत. त्यांत कोणताही फेरफार केलेला नाही. तसे न आढळल्यास ते बसवण्याचा खर्च लिहून देणार देईल." खाली दोन साक्षीदार. ज्याची गाडी स्वच्छ आहे त्याचा हात सही करताना थांबणार नाही.

विकणाऱ्याने काय करावे?

गाडीतला भाग आधीच काढला गेला असेल, तुम्ही काढला असेल, आधीच्या मालकाने काढला असेल किंवा चोरीला गेला असेल, तर वाटा तीनच आहेत.

पहिली वाट, भाग बसवून विकणे. खर्च जातो, पण गाडीची पूर्ण किंमत मागता येते आणि मान ताठ राहते. काही गॅरेजवाले काढलेला भाग परत देतात, काही ठेवून घेतात. यापुढे कुठल्याही कामात काढलेला भाग घरी आणाच. तो भंगार नाही, आत मोलाची धातू आहे. गॅरेजवाला "राहू द्या इथंच" म्हणतो ते काही उगीच नाही.

दुसरी वाट, सांगून आणि लिहून देऊन, किंमत कमी करून विकणे. पण लक्षात ठेवा, सांगून दिली म्हणून ती गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर होत नाही. घेणारा ती आधी दुरुस्त करून मगच चालवणार, हेही कागदावर आले पाहिजे. जुनी देऊन नवी घेत असाल तर शोरूमच्या माणसालाही आधीच सांगा. तो गाडी उचलून बघणारच आहे. तुम्ही सांगितले तर किंमत कमी होईल, त्याने शोधले तर किंमतही कमी होईल आणि बाकीच्या गाडीवरचाही त्याचा विश्वास उडेल.

तिसरी वाट, गाडी फारच जुनी असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात देणे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. केंद्राच्या नियमांत त्यावर नव्या गाडीच्या करात सवलतीची तरतूद आहे, खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि मालवाहू-प्रवासी गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला दिली तर ना प्रमाणपत्र, ना नाव कमी.

भाग चोरीला गेला असेल तर पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत गाडीच्या कागदांत ठेवा. पुढे विकताना "मी काढला नाही" हे नुसत्या तोंडाने कोणी मानणार नाही.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

ग्रामपंचायतीची घंटागाडी, टँकर किंवा जुना ट्रॅक्टर लिलावात निघतो, तेव्हा सूचनेत "आहे त्या स्थितीत" एवढे तीन शब्द लिहून आपण मोकळे होतो. करार कायद्यातला तो घोडा लिलावातच विकला होता, म्हणून कायद्याने हात वर करता येतीलही. पण घेणारा बहुधा आपल्याच गावचा असतो. सरपंच, ग्रामसेवकांनी लिलावाआधी गाडीची तपासणी करून कोणते भाग नाहीत ते सूचनेतच लिहावे. बोली थोडी कमी येईल, पण वर्षभराने ग्रामसभेत भांडण येणार नाही. आणि गाडी दुरुस्तीला गेली की काढलेला भाग परत आला का, याची नोंद ठेवावी. पंचायतीची गाडी म्हणजे कोणाचीच नाही, असे समजून तिच्यातली 'माती' कोणी विकू नये.

शेवटी एक गोष्ट पैशाच्या पलीकडची. सकाळी सहा वाजता पिकअप अंगणात सुरू होते. पाच-दहा मिनिटे तशीच गुरगुरत उभी असते. पलीकडे गोठा, अलीकडे ओसरीवर झोपलेली पोरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. गाळणी काढून जी काजळी आपण मोकळी सोडतो, ती पुण्या-मुंबईच्या आधी आपल्याच ओसरीवर बसते.

अण्णा-भाऊंचे प्रकरण मिटले. गाडीला फिल्टर बसला, पासिंग झाले, टोमॅटो पुन्हा नारायणगावला जाऊ लागले. पण एकाच चारीवरच्या त्या दोन शेतांत पाण्याची पाळी बदलताना पूर्वी बांधावर चहा व्हायचा, तो अजून सुरू झालेला नाही. अण्णा दार टाकतात आणि निघून जातात. त्यांनी वाचवलेले पैसे आणि गमावलेला शेजारी, यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.